मक्याचा बीजोत्पादन प्लॉट घ्यावा का? एका रब्बी हंगामाचा अनुभव

सगळे पैसे खात्यात आल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पेरणी नोव्हेंबरात, काढणी एप्रिलात आणि शेवटचा हप्ता ऑगस्टात, म्हणून हे इतक्या उशिरा. आमचं शेत सिल्लोड तालुक्यात. इथं खरिपात जिकडं बघाल तिकडं मका. संकरित मक्याच्या प्रमाणित बियाण्याला दुसऱ्या मक्यापासून २०० मीटर अंतर लागतं, म्हणजे परका पराग उडून येत नाही. ते अंतर पावसाळ्यात इथं मिळणं शक्यच नाही. रब्बीत मिळतं, तेही शेजारी ऐकणारे असले तर. मी ठिबकवर दोन एकर घेतले, एका कंपनीला संकरित बियाणं पिकवून द्यायचा करार करून.

बियाण्याच्या पिशव्या दोन, नराची वेगळी आणि मादीची वेगळी. चार ओळी मादी, दोन ओळी नर, असं शेतभर. आमच्या प्लॉटला मादी आधी आणि नर पाच दिवसांनी पेरायला सांगितला होता, म्हणजे मादीच्या कणसाला मिशा फुटतील तेव्हाच नराचा पराग झडेल. नराच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला मी लाल चिंधी बांधून काठी रोवली. याचा आळस करू नका. महिनाभरात दोन्ही सारखेच हिरवे दिसतात.

पहिला धक्का पीक बघूनच बसतो. ताटं किडकिडीत, फिकट, छातीला लागली की वाढायचं नावच नाही. बांधावरून जाणारा जो तो विचारायचा, "खत टाकलं नाही का यंदा?" नर-मादीच्या या शुद्ध जाती पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर जोपासलेल्या, त्यात जोम कुठून येणार? तो येतो दोघांच्या संकरातून, म्हणजे पिशवी विकत घेणाऱ्याच्या शेतात. आपल्या वाट्याला फक्त मरतुकडे आईबाप. १९६१ साली देशात पहिले संकरित मके आले, त्यात गंगा १ आणि गंगा १०१ होते. आमचे आजोबा शेवटपर्यंत कुठल्याही चांगल्या मक्याला 'गंगा'च म्हणायचे. त्या गंगेच्या मुळाशीही अशाच मरतुकड्या जाती असतील, हे मला या वर्षी कळलं. लष्करी अळीलाही ही नाजूक झाडं आवडतात. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, फवारणी तीनदा करावी लागली.

आता मुद्द्याचं. हा धंदा म्हणजे मादी झाडाचे तुरे, म्हणजे शेंड्यावरचे पराग देणारे फुलोरे, काढायचे बारा दिवस. आधीचं-नंतरचं सगळं नेहमीची शेती आहे.

मादी ओळीतला तुरा पराग सांडायच्या आत निघालाच पाहिजे, नाहीतर मादी स्वतःच्याच परागावर फळते आणि ते बियाणं बाद. मादीच्या ५ टक्के झाडांना मिशा आल्या की पराग सांडणारे तुरे १ टक्क्याच्या वर दिसायला नकोत, असं तपासणीचं माप आहे. शंभरात एक! डाव्या हाताने ताट धरायचं, उजव्या मुठीत सगळा तुरा घ्यायचा आणि सरळ वर ओढायचा. नीट आला तर 'टच्च' असा आवाज होतो. घाई केली तर सोबत वरची दोन पानं येतात, आणि पानं गेली की दाणा भरत नाही. उशीर केला तर बाहीवर पिवळी धूळ दिसते, मग बोलून उपयोग नाही. एखादी फांदी पानाच्या बगलेत तुटून राहते, ती सगळ्यात घातक. काढलेला तुराही शेतात टाकायचा नाही, तो जमिनीवर पडून पराग सांडू शकतो. आम्ही पोती भरून बांधापलीकडे नेत होतो, म्हशींची चंगळ झाली.

रोज सकाळी सहा बायका. सगळी झाडं एका दिवशी तुऱ्यावर येत नाहीत, म्हणून त्याच ओळीतून रोज फिरायचं. सातव्या दिवशी गावात लग्न, मजूर एकही नाही. मी, बायको, भावजय आणि बारावीतला पुतण्या असे चौघं पहाटे बॅटरी घेऊन उतरलो. पुतण्याच्या परीक्षेबद्दल नंतर घरात जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

त्यातच पश्चिमेच्या बांधकऱ्याने चाऱ्यासाठी अर्धा एकर मका टाकला होता, जेमतेम दीडशे मीटरवर. तुऱ्याआधी कापतो म्हणाला होता. कापला नाही. शेवटी मी उभा चारा विकत घेतला आणि रातोरात कापला. तरी कंपनीच्या फिल्डमनने त्या बाजूच्या सहा ओळी बाद केल्या. तेव्हा राग आला होता, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

परागीभवन संपलं की नराच्या ओळी कापून टाकायच्या, म्हणजे काढणीत त्याचं कणीस मिसळत नाही. त्याचा मुरघास झाला, तेवढाच फायदा. पण हिशोब करताना लक्षात ठेवा, तिसरा हिस्सा रान बियाणं देतच नाही.

दर धान्याच्या बाजारभावाच्या दुपटीहून थोडा वर होता. ऐकायला गोड. प्रतवारीत बारीक दाणा वजा झाला, मजुरी आणि शेजाऱ्याचा चारा वजा झाला, तेव्हा एकरी शिल्लक नुसत्या मक्याच्या साधारण दीडपट उरली. माझी खरी तक्रार हप्त्याबद्दल आहे. निम्मी रक्कम ग्रो आउट टेस्टच्या निकालापर्यंत अडकवली. नमुना पेरून झाडं वाढेपर्यंत शुद्धता कळत नाही हे मान्य, पण करार करताना हे कुणी तोंडाने सांगितलं नाही, बारीक अक्षरात होतं. खरिपाची पेरणी मी उसनवारीवर केली.

घरात चार हात नसतील आणि बांधकऱ्याशी बोलणं नसेल तर या भानगडीत पडू नका. मी यंदा घेतोय, पण एकच एकर. पश्चिमेच्या शेतात हरभरा टाकायचं कबूल करून घेतलंय. भावजयीने मात्र पेरणीची तारीख धरायच्या आधीच पंचांग मागून घेतलं, फेब्रुवारीत लग्नाच्या तिथी किती आहेत ते बघायला.