रोटरी हॅमर आणि रुंद छिन्नी: चिकटवलेलं लाकडी फ्लोअर काढलं, त्यानंतरचा अनुभव

८०० वॅटचा एसडीएस प्लस (छिन्नी खटकन अडकवायची छोट्या मशीनची पद्धत) रोटरी हॅमर, म्हणजे ठोके मारणारं ड्रिल मशीन, उन्हाळ्याआधी नाशिकच्या रविवार कारंज्यावरून घेतला, आता दिवाळी जवळ आलीये, तेव्हा सावकाश लिहितोय. पहिल्या आठवड्यात सगळीच मशीन भारी वाटतात.

घ्यायचं कारण म्हणजे इंदिरानगरचा तळमजल्यावरचा फ्लॅट. आधीच्या मालकांनी हॉल आणि बेडरूममधे कोब्यावर थेट गोंद लावून लाकडी पट्ट्या बसवलेल्या, खालून ओल यायची, पावसाळ्यात पट्ट्या फुगून कडा वर यायच्या, आईचा पाय अडकायचा. मिस्त्री म्हणाले, "दादा, ब्रेकर लावू, एका दिवसात मोकळं." मी नको म्हटलं आणि आजही तेच सांगेन. जड ब्रेकर लाकडाबरोबर कोब्याचे खपले पण उचलतो, मग ते खड्डे भरायला सिमेंट आणि मजुरी वेगळी.

इथे ताकदीपेक्षा छिन्नीची रुंदी आणि कोन जास्त महत्त्वाचा. सोबत येते ती टोकदार छिन्नी या कामाला अजिबात नको, ४० मिमीची चपटी घ्या, वाकलेली मिळाली तर अजून बरी कारण मशीन आडवं धरता येतं. पाते जवळपास जमिनीला टेकवून लाकूड आणि कोबा यांच्या मधल्या फटीत घालायचं, उभं धरलं की ते सरळ कोब्यात घुसतं. त्याआधी सर्क्युलर सॉ बरोब्बर पट्टीच्या जाडीएवढा सेट करून वीतभर अंतरावर आडवे काप मारून घ्या. लांब पट्टी हट्टाने धरून बसते, छोटा तुकडा पटकन सुटतो. घेताना मशीनमधे "फक्त हॅमर" मोड आहे ना ते आधी विचारा, काही स्वस्त मशीनमधे ड्रिल आणि हॅमर ड्रिल एवढंच असतं, त्याने छिन्नी चालत नाही.

लाकूड निघालं की अर्धं काम झालं असं वाटतं, पण खरं काम गोंदाचं. आमचा गोंद पिवळट, रबरासारखा चिवट होता. जाड थर याच मशीनने धारदार छिन्नी लावून निघाला, उरलेल्या पातळ थराला ग्राइंडरवर डायमंड कप व्हील (काँक्रीट घासायचं वाटीसारखं चाक) लावलं. सलग एकाच जागी घासलं तर गोंद तापून वितळतो आणि चाकाला लेप बसतो, म्हणून थांबत थांबत. थिनर वगैरे ओतू नका, त्याने गोंद पातळ होऊन कोब्यात मुरतो आणि पुढे टाइल ॲडहेसिव्ह धरत नाही. काम झालं का ते बघायला कोब्यावर पाणी शिंपडा, थेंब तसेच राहिले तर गोंद अजून आहे, पाणी शोषलं गेलं तर स्वच्छ.

आणि धूळ!! कोबा घासल्यावर जी पांढरी भुकटी उडते त्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसते ती बसतेच. रुमाल बांधून हे काम करणारी पोरं बघितली की जीव तुटतो खरंच. निदान एन९५ मास्क, चष्मा, कानाला मफ, आणि ग्राइंडरला व्हॅक्यूम जोडता आला तर नक्की जोडा. गोंद जुना, काळा, डांबरी असेल तर घासूच नका, जुन्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी नीट तपासून घ्या.

इतक्या महिन्यांनी मशीन कसं आहे? मोटर ठणठणीत. पण चक (छिन्नी बसते ते तोंड) थोडा ढिला झालाय, धूळ आत जाते म्हणून, छिन्नीच्या शेपटाला दरवेळी पुसून ग्रीस लावलंच पाहिजे. छिन्नीची धार लवकर जाते, ती ग्राइंडरवर लावताना मधे मधे पाण्यात बुडवा, पातं निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समजा. सलग वापरलं तर हाताला मुंग्या येतात, दोघांनी आलटून पालटून करावं, आणि दुपारी सोसायटीत लोक झोपलेले असतात तेव्हा बंद ठेवावं.

खोलीभर फ्लोअर असेल तर हे मशीन पुरेसं आहे. मोठा हॉल किंवा ऑफिस असेल तर पाच किलोचं एसडीएस मॅक्स (याचाच मोठा, जड प्रकार) भाड्याने घ्या, पण पातं रुंदच आणि धरायचं आडवंच. आमच्याकडे आता व्हिट्रिफाइड फरशी बसलीये, अख्खा पावसाळा गेला, एकही टाइल पोकळ वाजत नाही. मशीन सध्या नाशिकरोडला मावसभावाकडे त्याच कामाला गेलंय, परत आलं की मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश बदलणार आहे.