नौपाड्यात मिळालेला इंग्रजी घराचा लाकडी संच

नौपाड्यातील एका हस्तकलेच्या दुकानातून इंग्लंडच्या खेड्यातील जुन्या घराची प्रतिकृती जोडण्याचा संच मी २,४५० रुपयांना घेतला आणि चार रविवार बसून तो पूर्ण केला. सांगाडा पाहूनच पैसे सार्थकी लागल्याचे समाधान मिळाले. मूळ घरांत ओकचे खांब आणि तुळया खिळ्यांनी जोडत नसत, तर एकाच्या भोकात दुसऱ्याचे टोक बसवून वरून लाकडी खुंटी ठोकत. सुतार सारा सांगाडा आधी आपल्या आवारात जुळवून पाहत, तुकड्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत आणि मग तो सुटा करून जागेवर उभा करीत. संचातील तुकड्यांवर तशाच खुणा आहेत, आणि काडीपेटीतील काडीहून बारीक खुंट्याही घट्ट बसतात.

भिंती तर फारच सुरेख आहेत. खांबांमधल्या चौकटीत हेझल नावाच्या झुडपाच्या फांद्या विणून त्यांवर माती, शेण आणि पेंढा यांचे लिंपण करायचे व वरून चुना द्यायचा, ही तिकडची रीत दिसावी म्हणून एक भिंत अर्धीच लिंपलेली ठेवली आहे. माझी आई मूळची मुरबाडची. ती भिंत चाचपून ती म्हणाली, "अगं, हा तर आपला कारवीचा कूड!" इंग्लंडच्या ससेक्समधील आल्फ्रिस्टन येथे जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १८९६ मध्ये अवघ्या १० पौंडांना घेतलेल्या चौदाव्या शतकातील घराची जमीन खडूचा दगड कुटून, त्यावर आंबट दूध देऊन केलेली आहे, हे सांगितल्यावर तिला माहेरचे सारवण आठवले.

छपराने मात्र निराशा केली. गवती शाकारणीला साधारण ५० अंशांचा उतार लागतो, कारण पाणी मुरण्याआधी घसरून गेले तरच गवत टिकते. येथे तो जेमतेम ३० अंश आहे. अशा घरांना सहसा पन्हळ नसतात, छप्पर भिंतीबाहेर बरेच काढून पागोळ्या दूर पाडतात. संचात प्लास्टिकचे पन्हळ दिले आहेत. लाकूड काळे रंगवण्याची सूचनाही मी पाळली नाही, कारण ही काळी-पांढरी ऐट बरीचशी एकोणिसाव्या शतकातील आहे.

एक तुळई तडकलेली निघाली, ती दुकानदारांनी विनातक्रार बदलून दिली. सुतारकामाची आवड असलेल्यांनी संच अवश्य घ्यावा, पण छपरासाठी वेगळी तयारी ठेवावी. मी प्लायचे नवे वासे कापून त्यांवर भाताचा पेंढा बांधला. पन्हळ पुडीतच आहेत.