७१३०-४: एक दोनहाती रॉड, तीन तऱ्हेच्या फेकी

पहिला दोनहाती फ्लाय रॉड (माशीसारखं बनावट आमिष फेकून मासे धरायची, दोन्ही हातांनी चालवायची काठी) घेणाऱ्याला हमखास सुचवला जातो तो ७१३०-४. बुंध्यावरचा हा आकडा फोडून वाचायचा: ७ नंबरची लाइन (आमिष वाहून नेणारी जड दोरी; नंबर तिच्या वजनाचा), १३ फूट ० इंच लांबी, ४ तुकडे. त्याच हिशेबाने ७१२६-४ म्हणजे साडेबारा फुटी. पण रॉड कोणत्या फेकीसाठी बांधलाय, हे त्या आकड्यात कुठेच नसतं, आणि गिऱ्हाईक फसतं ते इथेच.

दुसरी फसगत त्या ७ची. एकहाती ७ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण १८५ ग्रेन (वजनाचं बारीक एकक) भरतात. दोनहाती ७ला त्याच्या दुपटीहून जास्त वजन लागतं. घरातली जुनी ७ नंबरची लाइन यावर चढवली तर रॉड वाकतच नाही; मग माणूस वरच्या हाताने जोर लावतो आणि लाइन पुढे जाण्याऐवजी समोर ढीग होऊन पडते. म्हणून नंबरापेक्षा कंपनीने दिलेली ग्रेनची मर्यादा बघा. १५.४ ग्रेन म्हणजे १ ग्रॅम. घरच्या डिजिटल काट्यावर हेड, म्हणजे लाइनचा पुढचा जाड, वजनदार भाग, तोलून पाहता येतं.

आता फेकी. स्कँडिनेव्हियन पद्धतीला हा रॉड सगळ्यात जास्त मानवतो, अर्थात शेंडा चपळ असेल तर. हेड ३५ फुटांच्या आसपास, वजन साधारण ४२० ते ४८० ग्रेन, पुढे १२ ते १५ फुटी निमुळता लीडर, म्हणजे लाइन आणि आमिष जोडणारा पातळ दोरा. इथे वरचा हात नुसता टेकू. काम खालचा हात करतो, बुंधा पोटाकडे ओढून. लाइनचं टोक पाण्याला क्षणभर टेकतं, म्हणजे अँकर बसतो, की लगेच पुढची फेक. रॉड मऊ असेल तर शेंडा मागे रेंगाळतो, लूप (हवेत जाणाऱ्या लाइनचा वळसा) उघडा पडतो आणि वारा तो खातो. घाई झाली तर अँकर उखडतो, चाबकासारखा आवाज येतो आणि माशी (गळाचं आमिष) कानाजवळून जाते. चष्मा घालाच.

स्कॅजिटला हाच रॉड चालतो, पण जरा कुरकुरत. ही पद्धत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट नदीवरची: हिवाळ्यातलं थंड, खोल पाणी आणि ओली झाली की जड होणाऱ्या मोठ्या माश्या. त्यामुळे हेड आखूड आणि दणकट, २० ते २५ फूट, ४८० ते ५५० ग्रेन. पुढे बुडणारा टिप, म्हणजे हेडला जोडायचा जड तुकडा. टी-१४ म्हणजे फुटाला १४ ग्रेन, १० फुटी तुकडा १४० ग्रेनचा. हे ओझं पाण्यातून सावकाश उपसायला बुंध्यापर्यंत वाकणारा रॉड हवा. ताठ रॉडवर ताण मध्येच सुटतो, टिप बुडतो आणि पुढची फेक जागीच अडते. केवळ स्कॅजिटच करायचं असेल तर १३ फूट कशाला? ११ ते साडेबारा फुटी, जरा संथ रॉड घ्या; झाडाच्या फांद्यांखालीही सुटसुटीत पडतो.

स्कॉटलंडच्या स्पे नदीवरची मूळची लांब हेडची फेक मात्र या रॉडकडून मागू नका. ६० फुटांपुढचं हेड एका झटक्यात उचलायला १५ फुटी रॉडच लागतो. १३ फुटी त्यात दमतो, आणि खांदेही.

दुकानात रॉड हलवून पाहण्याला फारसा अर्थ नाही. हिरवळीवरही नाही, कारण अँकर धरायला पाणीच लागतं. दुकानदार नदीवर फेकून बघू देत असेल तर दोन हेड मागा, एक हलकं, एक ४० ग्रेन जड. हलक्यावर रॉड काठीसारखा वाटला आणि जडावर जागा झाला तर दोष रॉडचा नव्हे, लाइनचा. रीळ लावून तोलही बघा: लाइन कड्यांतून ओवून वरचा हात जिथे धरतो तिथे बोटावर ठेवा. शेंडा खाली झुकला तर रीळ हलकं आहे, आणि दुपारपर्यंत मनगट ते सांगेल.

या रॉडची खरी दुखणी सांध्यांत असतात. पाण्यावर अँकर टेकवून मारायच्या या सगळ्या फेकींत, म्हणजे स्पे फेकींत, रॉड पिळला जातो आणि तुकडे हळूहळू फिरून सैल होतात. सैल सांध्यावर जोर आला की बाहेरच्या तुकड्याच्या काठालाच चीर जाते. जोडताना तुकडे पाव वळण तिरके घालून कडी सरळ येईपर्यंत फिरवत बसवा. मग वायरमनची काळी टेप ताणून, सांध्याच्या खालून वर, तीन-चार वेढे. घरी आल्यावर काढून टाका. आठवडाभर राहिली की चिकटा सुटत नाही. चार तुकड्यांची नळी साडेतीन फुटांच्या आसपास भरते, तेव्हा विमानात ती सोबत नेता येईल असं धरून चालू नका.