थांबवलेल्या फ्रेमसमोर: प्रभात रस्त्यावरील चित्रपट-रेखाटन वर्ग

पुण्यात चित्रकलेच्या वर्गांना तोटा नाही आणि चित्रपटावर बोलणाऱ्यांना तर मुळीच नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली या शहरात स्थापन झाले आणि फिल्म इन्स्टिट्यूटच्या साथीने चाललेल्या रसास्वाद अभ्यासक्रमामुळे चित्रपटाकडे गांभीर्याने पाहणाऱ्यांच्या पिढ्या येथे घडल्या. परंतु पडद्यावरचा प्रसंग थांबवायचा, तो समोर बसून कागदावर उतरवायचा आणि त्या रेखाटनाच्या आधारेच त्या प्रसंगाविषयी मत मांडायचे, अशी रचना असलेला वर्ग माझ्या पाहण्यात हा एकच आहे. प्रभात रस्त्यालगतच्या एका गल्लीतील जुन्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर, दर रविवारी सकाळी तो तीन तास भरतो. एक निवृत्त कलाशिक्षिका आणि चित्रपट-संकलनाचे काम करणारा त्यांचा भाचा असे दोघे तो चालवतात. त्याला पाटी नाही आणि ठरलेले नावही नाही. शुल्क बालगंधर्व रंगमंदिरातील नाटकाच्या पुढच्या रांगेच्या तिकिटाएवढे आहे आणि त्यात कागद, कोळसा व मधल्या सुट्टीतील चहा येतो.

वर्गाची बांधणी विचारपूर्वक केलेली आहे. आरंभी एका प्रसंगातील निरनिराळ्या फ्रेम प्रत्येकी अर्धा मिनिट थांबवून दाखवल्या जातात आणि कागदावर आधीच आखलेल्या लहान चौकटींत त्या केवळ तीन छटांमध्ये, म्हणजे काळा, मधला करडा आणि कागदाचा पांढरा यांत, भरायच्या असतात. चेहरा, दागिने, कपड्यांच्या चुण्या यांना एवढ्या वेळात हात लावणे शक्य नसते, आणि तोच हेतू आहे. त्यानंतर एकच फ्रेम वीस मिनिटांसाठी स्थिर ठेवली जाते व मोठे रेखाटन करून घेतले जाते. मग तोच प्रसंग आधी आवाजाविना आणि नंतर आवाजासह चालवला जातो, आणि शेवटी सर्व कागद दोरीवर चिमट्यांनी लावून चर्चा होते. या चर्चेचा नियम एकच आहे: जे आपल्या किंवा दुसऱ्याच्या कागदावर बोट ठेवून दाखवता येईल, तेवढेच बोलायचे.

माझ्या मते या वर्गाचे सारे मोल या नियमात आहे. चित्रपटावरील गप्पांमध्ये ‘दिग्दर्शकाने काय ताकदीने मांडले आहे’ किंवा ‘फ्रेमिंग अप्रतिम’ अशी विधाने सहज खपून जातात, कारण ती तपासण्याचे साधन समोर नसते. येथे मात्र ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याला बाई शांतपणे विचारतात, “कुठे आहे ते? दाखवा.” मग त्या व्यक्तीला खांबाची उभी रेषा, रिकामा सोडलेला डावा कोपरा किंवा दोन माणसांमधले अंतर यांकडे वळावेच लागते, आणि बहुधा तिचे मतही तेथे पोहोचेपर्यंत थोडे बदललेले असते.

याचा उत्तम प्रत्यय ‘संत तुकाराम’ या १९३६ सालच्या चित्रपटावरील सत्रात आला. प्रभात रस्त्याचे नाव ज्या प्रभात फिल्म कंपनीवरून पडले, तिचाच हा चित्रपट. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यात आली आणि तिच्या स्टुडिओच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. वर्गाच्या जागेपासून ते आवार फार लांब नाही, हा योगायोग चालकांनी जाणूनबुजून साधला असावा. आजारी मुलाला घेऊन देवळात आलेली जिजाई हातात वहाण घेऊन विठोबालाच जाब विचारते, तो प्रसंग त्या दिवशी निवडला होता. दोरीवर लागलेल्या कागदांत एका ज्येष्ठ गृहस्थांच्या रेखाटनात जिजाई पडद्यावर होती त्याहून बरीच मोठी झाली होती. संकलक भाचा म्हणाला, “काका, तुम्ही जिजाईला खांबाएवढी उंच केलीत.” त्यावर काकांनी उत्तर दिले, “अहो, ती भांडतेय ना! मला ती तेवढीच दिसली.” हा संवाद हशावर संपला असता, परंतु बाईंनी तो तेथे सोडला नाही. त्यांनी सर्वांना आपापल्या कागदावर जिजाईची उंची आणि चौकटीची उंची मोजून त्यांचे प्रमाण लिहायला सांगितले. बहुतेकांनी तिला कमी-अधिक वाढवले होते, असे निघाले. त्यापुढची चर्चा जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरीबाईंच्या अभिनयावर झाली, पण ती ‘जिवंत अभिनय’ या नेहमीच्या शब्दांपाशी अडली नाही. देहाचा झोक, पुढे आलेला खांदा आणि हाताचा कोन यांमुळे एखादी व्यक्ती फ्रेममध्ये आपल्या मापाबाहेर जागा कशी व्यापते, यावर ती झाली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम बहुतेकांच्या लहान चौकटींत समोरून, स्थिर आणि जवळजवळ मूर्तीसारखा उतरला होता, आणि संसार व भक्ती यांमधला ताण पाठ केलेल्या वाक्यांत न येता रेषांच्या स्वभावात दिसला. चित्रपटाचे दोन्ही दिग्दर्शक, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, कोल्हापुरात चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले होते, ही माहिती बाईंनी अगदी शेवटी दिली. ती आधी दिली असती, तर आम्ही सर्वांनी चित्रकाराचा हात शोधत बसण्यातच वेळ घालवला असता.

बाबूराव पेंटर रंगभूमीचे पडदे रंगवत चित्रपटाकडे आले, आणि सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’साठी रीतसर लिहिलेल्या पटकथेऐवजी रेखाचित्रे आणि टिपणांची वही हाताशी ठेवली होती, हे चित्रपटाच्या अभ्यासकांना ठाऊक असते. दिग्दर्शक चित्रीकरणाआधी काढतो ते चित्र अनेक शक्यतांमधून एक निवडण्यासाठी असते. या वर्गात आपण चित्रीकरणानंतर काढतो, म्हणजे निवड होऊन गेलेली असते आणि ती का झाली असेल याचा माग उलट्या दिशेने घ्यायचा असतो. म्हणूनच बाई कधीकधी मुद्दाम फ्रेममधील एखादी वस्तू गाळून तेच चित्र पुन्हा काढायला सांगतात. दाराच्या चौकटीची उभी रेषा काढून टाकली की माणूस अधांतरी का वाटू लागतो, हे अशा वेळी व्याख्यानाविना कळते.

साधनांच्या वापरात सर्वाधिक शिकायला मिळाले ते ‘कागज के फूल’च्या सत्रात. १९५९ सालचा हा भारतातील पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट. गुरुदत्त यांच्या चित्रपटातील कामाची सुरुवातही प्रभातमध्येच, पुण्यातच झाली होती. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांवरून सूर्यप्रकाश परावर्तित करून मिळवला होता. असा झोत पेन्सिलीने काढायला गेले, की दोन तिरप्या रेषा उरतात आणि प्रकाश मात्र उरत नाही. म्हणून त्या दिवशी सर्वांना आधी संपूर्ण चौकट कोळशाने काळी करायला लावली आणि नंतर मळून मऊ होणाऱ्या खोडरबराने त्या काळ्यातून उजेड उचलून घ्यायला सांगितले. हात चालवताना लक्षात येते, की झोत वर धारदार आणि खाली येता येता विरळ होत जातो, आणि प्रसंगातील दोन माणसांच्या वाट्याला त्यातला फार थोडा उजेड येतो. या चित्रपटावर मी आजवर बरेच वाचले होते. तरी अंधाराचे क्षेत्रफळ एवढे मोठे आहे, हे बोटे काळी झाल्याशिवाय जाणवले नव्हते.

चौकटीचे प्रमाण आधी आखून देण्याची पद्धतही अशीच फायद्याची आहे. वीस सेंटिमीटर रुंदीच्या चौकटीची उंची जुन्या बोलपटाच्या १.३७ (रुंदी भागिले उंची) या प्रमाणाला साधारण साडेचौदा सेंटिमीटर येते, तर सिनेमास्कोपच्या २.३५ प्रमाणाला ती केवळ साडेआठ सेंटिमीटर उरते. या दोन चौकटी एकाच पानावर वर-खाली आखल्या, की उभा माणूस पहिलीत का सुखाने मावतो आणि दुसरीत त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेचे काय करायचे हा प्रश्न का पडतो, ते आपोआप दिसते. घरी मोबाइलवर चित्रपट थांबवून सराव करणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट जरी उचलली तरी पुरे.

आता उणिवांविषयी. पहिली अडचण उजेडाची आहे आणि ती या उपक्रमाच्या स्वभावातच आहे: पडद्याला अंधार हवा, कागदाला प्रकाश हवा. प्रत्येक ड्रॉइंग बोर्डला चिमट्याचा लहान दिवा दिलेला आहे. मात्र काही दिवे पांढऱ्या, झगझगीत उजेडाचे आहेत. त्या उजेडात कागद पाहून डोळे वर केले, की पडद्यावरील गडद छटा काही क्षण एकसारख्या काळ्या दिसतात आणि रेखाटनात तपशील बुडतो. मंद पिवळे दिवे आणि पांढऱ्याऐवजी करडा कागद, एवढ्या दोन बदलांनी हा प्रश्न बराच सुटेल. दिलेला कागद पातळ आहे. कोळशाचा दुसरा थर आणि खोडरबर त्याला सोसत नाही. जाड कार्ट्रिज कागद स्वतः नेणे उत्तम. अप्पा बळवंत चौकातील दुकानांत तो आणि मऊ खोडरबर दोन्ही मिळतात.

दुसरी उणीव शिकवण्याची आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना यथार्थदर्शन आणि छायाप्रकाश यांची तोंडओळख असते. ज्यांना ती नाही, त्यांना येथे हात धरून कोणी शिकवत नाही. एका तरुणीचे पहिले सत्र देवळाच्या कमानी सरळ करण्यातच गेले, आणि तिला चर्चेत बोलण्यासारखे काही उरले नाही. महिन्यातून एखादे सत्र केवळ नवख्यांसाठी ठेवता येईल. हुबेहूब व्यक्तिचित्र शिकायच्या अपेक्षेने येणाऱ्यांनी तर येथे येऊच नये.

तिसरी गोष्ट निवडीची, आणि येथे माझा चालकांशी स्पष्ट मतभेद आहे. ते प्रदर्शनाला साठ वर्षे उलटून स्वामित्वहक्काची मुदत संपलेलेच चित्रपट घेतात. कायद्याच्या दृष्टीने ही सावधगिरी योग्य आणि कौतुकास्पद आहे. मात्र त्यामुळे जवळजवळ सर्व काम कृष्णधवल राहते आणि तीन छटांची पद्धत सोयीची असल्याने ती सवयच बनते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचे रंगीत हिंदी चित्रपटही आता त्या मुदतीबाहेर आले आहेत. मेणाचे किंवा सुके रंगीत खडू घेऊन त्यांच्यावर काम करायला काहीच हरकत नसावी. त्याचप्रमाणे निवडलेल्या फ्रेम बहुधा स्थिर असतात. चालत्या प्रसंगात कुठेही थांबवले, तर हात किंवा पदर पुसट येतो, कारण सेकंदाला २४ फ्रेम टिपताना साधारणपणे सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागापर्यंत शटर उघडे असते आणि तेवढ्यात हात पुढे सरकलेला असतो. ती पुसट रेषा कशी काढावी, की काढूच नये, हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो, आणि नेमक्या अशा फ्रेम येथे ‘खराब’ म्हणून पुढे ढकलल्या जातात.

चर्चेला वेळ अपुरा पडतो, हे येणाऱ्या प्रत्येकाचे म्हणणे आहे. चहानंतर बोलायला पाऊण तास उरतो आणि फिल्म इन्स्टिट्यूटच्या प्रवेशाची तयारी करणारी दोन-तीन मुले त्यातला मोठा वाटा घेतात. त्यांचे बोलणे बहुधा चांगले असते, त्यामुळे त्यांना थांबवणे बाईंनाही जड जाते. अर्ध्या मिनिटाच्या फ्रेमची संख्या निम्मी केली, तर वीस मिनिटे सहज वाचतील.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक बाबी. नळ स्टॉप मेट्रो स्थानकावरून चालत जाता येते. गल्लीत चारचाकी लावायला जागा नाही आणि जिना अरुंद आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी फोनवर कल्पना द्यावी, मग तळमजल्याच्या पडवीत लहान पडद्यावर सोय केली जाते. खुर्च्या आठवड्याच्या मध्यापर्यंत भरतात. कडेच्या खुर्चीवरून पडदा तिरका दिसतो आणि आखलेल्या चौकटीशी त्याचे प्रमाण जुळत नाही. मधल्या दोन रांगांतील जागा हवी असेल, तर साडेनऊच्या सत्राला सव्वानऊपूर्वी पोहोचावे. कोळशाची बोटे पुसायला जुना पंचा स्वतःचाच न्यावा.