रायफलीचं काडतूस .१७ इंची की .२० इंची, म्हणजे सतरा की वीस?

दोघांची आई एकच: १९६३ सालचं .२२१ फायरबॉल काडतूस. त्याच्या केसची, म्हणजे पितळी कवचाची, मान .१७ पर्यंत आवळली की माक फोर, .२० पर्यंत आवळली की व्हारटार्ग.

सतराची गोळी २० ते २५ ग्रेनची, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम. धक्का इतका कमी की गोळी लागलेली दुर्बिणीतूनच दिसते. या एका सुखासाठी लोक बरंच सोसतात. नळी लवकर तांबं धरते, सफाईची सळई सुतळीसारखी वाकते, बंदुकीची दारू भरायचं नेहमीचं नरसाळं तर केसच्या तोंडात बसतच नाही. ०.१ ग्रेन दारू इकडची तिकडे झाली तरी फरक जाणवतो. वर वारा सुटला की ही हलकी गोळी सरळ भरकटते.

विसाची गोळी ३२ ते ४० ग्रेनची. वाऱ्यात बरी टिकते, नळीही जास्त वेळ स्वच्छ राहते. धक्का किंचित वाढतो, पण वजनदार रायफलीत कळतही नाही.

केसच्या बाबतीत सतराची बाजू थोडी सावरली आहे: २००७ मध्ये रेमिंग्टन कंपनीने माक फोरसारखंच .१७ फायरबॉल बाजारात आणलं, म्हणजे मान आवळत बसायला नको. तरी पहिलीच रायफल बांधून घ्यायची असेल तर मी वीसच सांगेन. सतरा हा शुद्ध हट्ट आहे, आणि मला तो कळतो.