रेल्वेचा अर्थसंकल्प: वेगळा बरा की एकत्र?

1924 पासून रेल्वेचा हिशेब वेगळा मांडला जायचा. शेवटचा रेल्वे अर्थसंकल्प सुरेश प्रभूंनी फेब्रुवारी 2016 मध्ये मांडला. 2017 पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला.

पैशाच्या दृष्टीने एकत्र मांडणीच सरस. रेल्वेने सरकारला द्यायचा लाभांश बंद झाला, आणि रस्ते, बंदरं, रेल्वे यांवरचा खर्च एकत्र ताडून पाहता येतो.

पण संसदेतल्या चर्चेचं काय? तिथे मला जुनी पद्धतच पटते. तेव्हा कुणी रखडलेल्या दुपदरीकरणावर बोलायचं, कुणी आपल्या स्टेशनातल्या थांब्यावर, आणि रेल्वेमंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागायचं. मधू दंडवते मंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. सामान्य प्रवाशाच्या अशा प्रश्नांना तेव्हा हक्काचा वेळ होता. आता रेल्वेच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चासाठी लोकसभेकडे मागितलेल्या रकमा, चर्चेला येतीलच याची खात्री नाही. 2018 आणि 2023 मध्ये लोकसभेने सगळ्या खात्यांच्या अनुदान मागण्या गदारोळात, चर्चेविनाच मंजूर केल्या. 2024-25 च्या अर्थसंकल्पात रेल्वेला भांडवली खर्चासाठी अडीच लाख कोटींहून अधिक तरतूद होती. एवढ्या पैशाच्या चर्चेसाठी दरवर्षी एक दिवस राखून ठेवायलाच हवा.