पीआरएस कस्टम २४-०८: आठ महिने आणि तेवीस कार्यक्रमांनंतर

गेल्या वर्षीची एप्रिलमधली एक संध्याकाळ, पुण्यातलं एक नाट्यगृह. मुखडा संपला होता. गायिका अंतरा उचलण्याआधी क्षणभर थांबली, दिवे हळूहळू मंद झाले आणि त्या शांततेत माझ्या ॲम्पमधून बारीक ‘झूंऽऽ’ सुरू झालं. दिवे जितके मंद, तितका आवाज मोठा. मध्यंतरात साउंडचे दादा येऊन म्हणाले, “ताई, तुमच्या चॅनेलवर मच्छर बसलाय.” केबल बदलली, अर्थिंग तपासलं, जागा बदलून पाहिली. माझ्या जुन्या गिटारवर तीन सिंगल-कॉइल पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारे भाग) होते आणि दिव्यांच्या डिमरमधून निघणारी सगळी विजेची खरखर ते इमानदारीने पकडत होते. त्या रात्री ठरवलं, आता गिटार बदलायची. तिच्या जागी आली ती ही इलेक्ट्रिक गिटार, पीआरएस कंपनीची कस्टम २४-०८.

मी गिटार शिकवते आणि महिन्याला तीन-चार सुपाऱ्या वाजवते. एका कार्यक्रमात पंचवीस-सत्तावीस गाणी असतात. पंचमदांच्या गाण्यातला चिकचिक रिदम, त्यामागे एखादी गझल, मग अजय-अतुल यांचं दणदणीत गाणं आणि शेवटी लावणी. या सगळ्यासाठी एकच गिटार हवी होती, कारण रंगमंचावर माझ्या वाट्याला येणाऱ्या चार बाय चार फुटांत दुसरी ठेवायला जागा नसते आणि बदलायला वेळही नसतो. दोन जुन्या गिटारी विकून आलेले पैसे, चार वर्षांची भिशी आणि थोडी बचत असं मिळून सहा लाखांचं बजेट जमलं. माझ्यासाठी ही फार मोठी रक्कम आहे, म्हणून निवडीला चार महिने घेतले.

पहिला प्रश्न पिकअपचा. सिंगल-कॉइल म्हणजे चुंबकांभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. तार हलली की त्यात वीज निर्माण होते, पण आसपासच्या वायरिंगची गुणगुणही त्यात शिरते. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये यावर तोड काढली. शेजारी शेजारी दोन कॉइल, एकीचे वेढे दुसरीच्या उलट आणि चुंबकाची दिशाही उलट. तारेचा आवाज दोन्हीकडून जुळून मोठा होतो आणि गुणगुण आपसात कटते. हाच हंबकर. मग सरळ गिब्सनचीच हंबकरवाली लेस पॉल गिटार का घेतली नाही? कारण हंबकरचा आवाज भरदार असतो, आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या रिदमला तो चालत नाही. तिथे काचेसारखा पातळ, टोकदार आवाज लागतो, नाहीतर ढोलक आणि कीबोर्डच्या मध्ये गिटार चिखलासारखी पसरते. म्हणजे हंबकर तर हवाच, पण गरजेला त्यातली एक कॉइल बंद करता यायला हवी.

दुसरा प्रश्न गायकांच्या पट्टीचा, आणि दुकानात गिटार घेताना याचा विचार फार कमी जण करतात. मूळ गाणं हार्मोनियमच्या पांढरी चारचं असतं, आमची गायिका ते काळी पाचमध्ये गाते. म्हणजे सगळं पाच फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) वर सरकलं. मूळ पीस सोळाव्या-सतराव्या फ्रेटवर असेल तर तो एकविसाव्या-बाविसाव्यावर जातो. बावीस फ्रेटांच्या गिटारवर तिथे बोट कसंबसं पोचतं, आणि पोचलं तरी सूर थोडा चढा किंवा उतरा लागतो. शेजारी हार्मोनियम असते. ती तसूभरही हलत नाही, त्यामुळे माझा कच्चा सूर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. चोवीस फ्रेट आणि शेवटच्या फ्रेटपर्यंत नेमकं इंटोनेशन, म्हणजे खरा लागणारा सूर, ही माझ्यासाठी चैन नाही, गरज आहे.

मुंबईच्या तीन फेऱ्या केल्या. धोबी तलावपासून खारपर्यंत जिथे जे वाजवायला मिळालं ते वाजवलं, दर वेळी स्वतःचा पट्टा, आवाजाला इफेक्ट देणारा स्वतःचा प्रोसेसर आणि तोच हेडफोन घेऊन. शेवटी दोघी उरल्या. एक आयबानेझ कंपनीची, एझेड मालिकेतली. २०१८ मध्ये आलेली ही मालिका खरोखर विचार करून बनवली आहे. नेक, म्हणजे मान, भाजलेल्या मेपल लाकडाची, फ्रेट स्टेनलेस स्टीलचे, आणि एक छोटं बटण दाबलं की पिकअपच्या जोड्या बदलतात. दुसरी ही पीआरएस. निर्णय झाला तो स्केलवर, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर. फेंडर कंपनीच्या घराण्याची आणि एझेडचीही स्केल साडेपंचवीस इंच, गिब्सनची सुमारे पावणेपंचवीस, पीआरएसची बरोब्बर पंचवीस. पाव-अर्धा इंच ऐकायला काहीच वाटत नाही. पण त्याच जाडीच्या तारा त्याच सुराला लावल्या की लांब स्केलवर ताण जास्त येतो. माझी बोटं लहान आहेत आणि मी मींड फार घेते. पंचवीस इंचावर तार दोन फ्रेट वर ओढताना मनगट भरून येत नाही आणि खालच्या तारा ढिल्याही पडत नाहीत. हातात घेतल्यावर पाच मिनिटांत हे कळलं, बाकीचे चार महिने मी ते स्वतःला पटवत होते.

आता हिच्याविषयी. पॉल रीड स्मिथ यांनी कंपनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात सुरू केली आणि कस्टम हे तेव्हापासूनचं मॉडेल. महोगनीचं अंग, त्यावर कोरलेला मेपलचा दर्शनी थर, महोगनीची नेक, रोझवुडचा फ्रेटबोर्ड आणि त्यावर उडत्या पक्ष्यांची नक्षी. माझी गिटार घरच्या काट्यावर साडेतीन किलोला किंचित कमी भरते. तीन तास उभं राहून वाजवल्यावर खांद्याला फरक जाणवतो. आधीची चार किलोंच्या वर होती.

पण पैसे कुठे गेले असं कुणी विचारलं तर मी मेपलच्या लाकडातल्या लाटांसारख्या रेषा दाखवणार नाही, दोन इवल्याशा टॉगल स्विचवर बोट ठेवीन. २४-०८ मध्ये मुख्य स्विच तीन जागांचा आहे: नेकजवळचा पिकअप, दोन्ही, ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला) पिकअप. शिवाय प्रत्येक पिकअपला स्वतःचा छोटा टॉगल आहे, एका बाजूला हंबकर आणि दुसऱ्या बाजूला सिंगल. नेकचे दोन आवाज, ब्रिजचे दोन आणि दोन्ही मिळून चार, असे आठ. नावातले ‘०८’ ते हेच. आठपैकी मी रोज चारच वापरते. महत्त्व संख्येला नाही, टॉगल आधीच लावून ठेवता येतात याला आहे.

एक उदाहरण देते. आमच्या कार्यक्रमात एक जलद गाणं आहे. मुखड्याला चिकचिक रिदम, आणि दुसऱ्या अंतऱ्याआधी आठ मात्रांचा डिस्टॉर्शनचा (फाटलेल्या आवाजाचा) पीस. गाणं सुरू होण्याआधी नेकचा टॉगल सिंगलवर आणि ब्रिजचा हंबकरवर ठेवते. रिदम नेकवर. पीस आला की उजव्या हाताची करंगळी मुख्य स्विचला लागते, पाय पेडलवर जातो आणि एका मात्रेत पातळ आवाजाचा भरदार आवाज होतो. पीस संपला की पुन्हा मागे. पूर्वी याच जागी मी दोन मात्रा सोडायचे आणि कीबोर्डवाले दादा तेवढी जागा भरून काढायचे. पहिल्यांदा ती जागा मी स्वतः भरली तेव्हा त्यांनी वाजवता वाजवता मान वर करून पाहिलं. याच कामासाठी ढकलता-ओढता येणारे नॉबही इतर अनेक गिटारींवर असतात, पण घामेजल्या बोटांनी भर गाण्यात नॉब ओढून बघा, मग टॉगलची किंमत कळते.

गझलेला हिचा दुसरा स्वभाव दिसतो. ब्रिजचा दांडा हलका दाबून ठेवायचा, कोमल निषादाच्या थोडं खालून सूर उचलायचा आणि दांडा अगदी सावकाश सोडत षड्जावर आणायचं. बोटाने तार ओढून हे होतं, पण दांड्याने येताना सूर कुठेही अडखळत नाही. तार छेडताना आवाज शून्यावर ठेवून मग करंगळीने व्हॉल्यूम उघडला की सुरुवातीचा टक्काही लागत नाही, सूर सारंगीसारखा उगवतो. व्हॉल्यूमचा नॉब करंगळीच्या टप्प्यात आहे म्हणून हे जमतं. आणि इतकं करूनही दांडा जागेवर आला की गिटार सुरात परत येते. यात लॉक होणाऱ्या खुंट्या, नट (मानेच्या टोकाची, तारा बसतात ती खाचांची पट्टी) आणि ब्रिज तिघांचा वाटा आहे. तेवीसपैकी बहुतेक कार्यक्रमांत मी मध्यंतराआधी ट्यूनरकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता जे जमत नाही ते. चोवीस फ्रेट बसवायचे तर नेकचा पिकअप ब्रिजकडे सरकवावा लागतो. बावीस फ्रेटांच्या गिटारवर तो जिथे असतो तिथला आवाज जास्त गोल आणि उबदार असतो. तो मला इथे पूर्णपणे मिळत नाही, टोन थोडा कमी करून जवळपास जाता येतं इतकंच. ज्यांचं सगळं वाजवणं जॅझच्या अंगाचं आहे त्यांनी हा फरक ऐकूनच निर्णय घ्यावा. दुसरं, सिंगलवर गेलं की गुणगुण परत येते. हे विज्ञान आहे, त्याला इलाज नाही. म्हणून दिवे मंद होणार असलेल्या गाण्यांची यादी मी आधीच मागून घेते आणि तिथे हंबकरवर राहते. तिसरं, एक कॉइल बंद केल्यावर येणारा आवाज फेंडरच्या अस्सल स्ट्रॅटोकास्टरचा नाही. जवळचा आहे, माझ्या कामाला पुरतो, श्रोत्यांना वेगळा वाटत नाही. पण १९५४ पासून ज्या आवाजाने जगाचे कान घडवले तोच हवा असेल, तर स्ट्रॅटच घ्यावी. दुसऱ्या गिटारकडून त्याची अपेक्षा करू नये.

तरंगत्या ब्रिजचा एक धडा मला रंगमंचावरच मिळाला. तिसऱ्या महिन्यात अंतऱ्याच्या मध्यावर पहिली तार तुटली. अशा ब्रिजमध्ये एका बाजूला तारांचा ओढा आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा, असं तोललेलं असतं. एक तार गेली की स्प्रिंग जिंकतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. तळव्याने ब्रिज रेटून धरत, फक्त चौथ्या तारेवर मी गाणं कसंबसं पार नेलं. घाम फुटला होता. तारा जुन्या झाल्या होत्या, चूक माझी. तेव्हापासून दर चार कार्यक्रमांनी १०-४६ जाडीच्या तारांचा नवा संच चढवते आणि मोठ्या कार्यक्रमाला स्थिर ब्रिजची साधी गिटार पडद्यामागे ठेवते.

पावसाळ्याचंही सांगायला हवं, कारण आपल्याकडे हे टळत नाही. गणपतीत चिपळूणजवळ कार्यक्रम होता. पुण्याहून निघाले तेव्हा सगळं ठीक होतं. दोन दिवस तिथल्या दमट हवेत राहिल्यावर पहिल्या चार-पाच फ्रेटांवर तारा किर्र वाजायला लागल्या. लाकडाने ओल धरली की नेकची कमान बदलते, गिटार लाखाची असो की दहा हजारांची. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिची कमान सांभाळणारी सळई) जेमतेम पाव आटा सैल केला, रात्रभर थांबले, सकाळी पुन्हा तपासलं, ठीक झालं. किल्ली जोरात फिरवू नका, आणि आधी कधी केलं नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. आता केसमध्ये आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आणि सिलिका जेलच्या पुड्या असतात. पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांत गिटार सुखी असते. फ्रेट निकेलचे आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या तारेखाली पाचव्या ते आठव्या फ्रेटवर बारीक रेघा दिसू लागल्यात. मी इतकी मींड घेते की हे होणारच होतं. स्टीलचे फ्रेट हवे असतील तर वर सांगितलेल्या एझेडचा विचार जरूर करा.

माझे दोन विद्यार्थी हीच गिटार घ्यायची म्हणून मागे लागले आहेत. दोघांनाही मी पीआरएसच्याच एसई मालिकेतली, इंडोनेशियात बनणारी कस्टम २४-०८ सुचवली. पंचवीस इंचांची स्केल तीच, चोवीस फ्रेट तेच, दोन टॉगलची रचना तीच, आणि किंमत कितीतरी कमी. एकाने घेतलीसुद्धा. त्याच्या गिटारवर मी तासभर वाजवलं. सुरात राहण्याचा भरवसा आणि वरच्या फ्रेटांवरची सफाई यांत फरक जाणवतो, पण शिकणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही. महिन्याला चार कार्यक्रम करणाऱ्याचं अडतं.

दुकानात जाल तेव्हा एवढं करा. आवडता पीस तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवून बघा, त्यातली एक तुमच्या गायकाची असू द्या. दांडा वीस वेळा दाबून सोडा आणि मग उघड्या तारा ट्यूनरवर तपासा. बाराव्या फ्रेटचा सूर उघड्या तारेशी जुळवा, नंतर विसाव्याचा. उभं राहून, पट्टा लावून, किमान अर्धा तास. आणि शेवटी पंख्याच्या रेग्युलेटरजवळ जाऊन, पंखा दोनवर ठेवून, ॲम्पचा आवाज वाढवा आणि काहीही न वाजवता नुसतं ऐका.